भिशीत घर जात नाही

सोलापुरातल्या पाच-सहा शिक्षणसंस्थांनी वर्गणी भरून एक सामाईक धर्मादाय न्यास काढावा, असे नुसते सुचवले तरी संस्थाचालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘म्हणजे आमची शाळा दुसऱ्याच्या घशात घालायची?’ त्यांची ही धास्ती अगदीच निराधार नाही. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपर्यंत पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे शिक्षण खात्याने घाटले, तेव्हापासून ‘एकत्र’ म्हटले की लोकांना दाराला लागलेले कुलूप दिसते. पण ती धास्ती इथे गैरलागू आहे.

विलीनीकरण वेगळे आणि सामाईक न्यास वेगळा. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या 1950 च्या कायद्यात कलम 50अ आहे. त्याखाली धर्मादाय आयुक्त दोन-तीन न्यासांना एका योजनेखाली आणू शकतात, तेही विश्वस्तांना नोटीस देऊन आणि चौकशी करून. आपल्याला त्या वाटेला जायचेच नाही. प्रत्येक संस्थेची घटना, तिचे विश्वस्त, जागेचा उतारा, शिक्षकांच्या नेमणुका, सारे जिथल्या तिथे. शिवाय कलम 36 असताना विश्वस्तांनी एकमुखाने ठराव केला तरी आयुक्तांच्या परवानगीवाचून शाळेची जागा विकता येत नाही की बक्षीस देता येत नाही. भिशीत पैसे भरले म्हणून कुणाचे घर भिशीच्या नावावर चढत नाही.

‘मग रयतसारखी एकच मोठी संस्था का नको?’ असे विचारणारेही आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आपल्याच जिल्ह्यात बार्शीला मामासाहेब जगदाळ्यांनी 1934 मध्ये शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ उभे केले. ही झाडे एकेका मुळातून वाढली. ज्यांच्या कार्यालयात वेगवेगळ्या संस्थापकांच्या तसबिरी लागल्या आहेत, त्या जुन्या संस्थांना आता एका छपराखाली कोंबणे म्हणजे न्यायालयात तारखांची सोय करणे.

सोलापुरात आणखी एक गाठ आहे, भाषेची. मराठीबरोबर इथे कन्नड, तेलुगू आणि उर्दूही वर्गात बोलल्या जातात. काही संस्थांना अल्पसंख्याक दर्जा आहे, त्यामागे राज्यघटनेचे कलम 30 आहे. विलीनीकरणात हा दर्जा अडचणीत येईल, हे मान्य. सामाईक न्यासात त्याला हात लागायचे कारण नाही. ग्रंथालयासाठी तेलुगू पुस्तके घ्यायची की उर्दू, हे शाळा ठरवेल. न्यास फक्त बिल भागवेल.

‘पैसा कुणाच्या खिशात जाईल?’ ज्याला खायचेच आहे, त्याला स्वतःची एक संस्थाही पुरते. धनादेशावर दोन वेगळ्या संस्थांच्या सह्या आणि दर तिमाहीचा हिशेब प्रत्येक शाळेच्या फलकावर, एवढे केले तर सामाईक न्यासात चोरी उलट अवघड होते.

खरा सबळ आक्षेप वेगळाच आहे: शाळांनी वर्गणी काढून खर्च भागवला, तर शासन अंग काढून घेईल. इथे मी थबकतो, कारण शासनाने अंग आधीच बरेच काढले आहे. वेतनेतर अनुदान 2004 पासून बंद होते. 2013 पासून सुरू झाले ते पाचव्या वेतन आयोगाच्या पगारावर 5 टक्के. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने शिपायाचे पद रिकामे झाले की ते गेलेच. बदल्यात इथल्या महापालिका हद्दीतल्या शाळेला दरमहा 7,500 रुपये भत्ता. त्या पैशांत दिवसभर थांबणारा माणूस मिळणे मुश्कील. मग दुपारच्या सुट्टीनंतर मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन पाहावे. शहराला पाणी काही दिवसांआड येते, टाकी दुसऱ्याच दिवशी खडखडाट, बादली कोरडी, कडी मोडलेली. सातवी-आठवीतल्या मुली घरी जाईपर्यंत पाणीच पीत नाहीत. शासनाची जबाबदारी सिद्ध होईपर्यंत त्यांनी थांबावे काय?

म्हणून न्यासपत्रातच दोन गोष्टी लिहाव्यात. शिक्षकांच्या पगाराला न्यासाचा पैसा कधीही लागणार नाही. आणि शासनाने करायचा जो खर्च न्यास करील, तो दरवर्षी ‘शासनाकडून येणे’ म्हणून वेगळा मांडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला जाईल. एकट्या मुख्याध्यापकाचे पत्र फायलीत पडते. सहा संस्थांचा लेखापरीक्षित आकडा विधिमंडळात प्रश्न होऊ शकतो.

न्यासाने करायचे काय? दोन सफाई कामगार, एक प्लंबर आणि एक संगणक दुरुस्त करणारा, सहा शाळांत वार लावून. प्रत्येक शाळेत कपाटात धूळ खाणारी सूक्ष्मदर्शके दुरुस्त करून फिरत्या पेटीतून. ‘यूडायस’ आणि ‘शालार्थ’ या सरकारी संगणक प्रणालींमध्ये दिवसच्या दिवस बुडालेल्या लिपिकाच्या मदतीला एक जाणकार. यात भव्य काही नाही, आणि तेच बरे. इमारतीच्या कोनशिलेवरून भांडणे होतात, प्लंबरवरून सहसा होत नाहीत.

कंपन्यांच्या सामाजिक निधीवर मात्र लगेच डोळा ठेवू नये. नव्या न्यासाकडे अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो, शिवाय प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या लागतात. तोवर माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि संस्थांची पटाच्या प्रमाणात वर्गणी, एवढ्यावरच भागवावे लागेल. न्यासाचे नाव काय, हा विषय पहिल्या बैठकीत घेऊच नये, संध्याकाळ त्यातच जाईल. आधी बाहेर पडण्याचे कलम लिहावे: वर्षाची आगाऊ सूचना, भरलेली वर्गणी परत नाही, आणि न्यासाच्या पैशातून शाळेच्या आवारात बसवलेली टाकी-मोटार त्या शाळेचीच.