‘वात आहे’ म्हणजे नेमकं काय?



पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बैठकांना जाते, तेव्हा विषय रेशनचा असो की सात-बारावरच्या नावाचा, उठताना बायकांचे हात गुडघ्यांवर जातात. “काय करणार, वात आहे,” म्हणून बोलणं संपतं. पण ‘वात’ या एका शब्दाखाली निरनिराळे आजार आहेत. आपल्याला कोणता आहे हे वेळेवर कळलं नाही, तर बाई कायमची अधू होऊ शकते.

सगळ्यांत जास्त आढळतो तो झिजेचा संधिवात. सांध्यातली कूर्चा झिजते, चालताना-चढताना कळ येते, बसलं की बरं वाटतं. खारेपाटात हंडे वाहणारी, ओणवी होऊन भातलावणी करणारी, हमरापूर-जोहे परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत तासन्‌तास एका बैठकीत मूर्ती घासणारी बाई गुडघे-कंबर घेऊनच राबते. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर ताबा, उकिडवं बसण्याऐवजी उंच पाट किंवा स्टूल यांनी आराम पडतो. पण पाणी दारात येणं हाही याच दुखण्यावरचा उपाय आहे.

आमवात वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. तो ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं होतो. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही. दिवस वर आला की हात थोडे सैल होतात. म्हणून घरचे म्हणतात, “कामाच्या वेळीच बरं दुखतं हिचं!” बाई कामचुकार ठरते. पुढे बोटं वाकडी झाली की तिला माहेरी धाडलं जातं. अशा बायका आपल्या गटांत आहेत.

आमवात मुळापासून जात नाही, पण पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. त्यावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. अधूनमधून रक्त तपासावं लागतं. गरोदरपणात ती चालत नाही, म्हणून मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

चिकुनगुन्याच्या तापानंतरही सांधे महिनोन्‌महिने धरतात. 2006 च्या साथीत महाराष्ट्रानं ते अनुभवलं. झटकन उतार देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत बरेचदा स्टिरॉइड असतं. त्यानं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. बरेच दिवस घेतलेली पुडी मात्र एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. आमवात हजारात साधारण पाच जणांना आढळला. आकडा लहान दिसतो, पण गावोगावचा हिशेब मांडला तर तो लहान राहत नाही.

आपणही पुढच्या बैठकीत प्रत्येकीला तीन प्रश्न विचारूया. सकाळी हात किती वेळ आखडतात? दोन्ही हातांचे सांधे सुजतात का? हे सहा आठवड्यांहून जास्त चाललंय का? उत्तर ‘हो’ असेल, तर तिला एकटीला न पाठवता सोबत जाऊया. आणि पेण-रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांकडे लेखी मागणी करूया: सांधेदुखीसाठी ठरलेला वार, रक्ततपासणी, आणि आमवाताची औषधं अखंड मिळण्याची हमी.