करून पाहा : ओरखडे पकडणारा दिवा

आज आधी एक प्रयोग आणि मग हस्तोद्योग!

स्वयंपाकघरातलं रोज घासलं जाणारं एक स्टीलचं ताट घ्या. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलची बॅटरी ताटावर धरा. बॅटरीच्या प्रतिबिंबाभोवती बारीक बारीक वर्तुळं दिसतात ना? कोळ्याच्या जाळ्यासारखी? आता बॅटरी हळूच डावीकडे सरकवा. अरेच्चा! वर्तुळंही सरकली की! म्हणजे ताटावर वर्तुळं नाहीतच. ताटावर आहेत ते सगळ्या दिशांना गेलेले सरळ-तिरपे ओरखडे. त्यांतले जे प्रतिबिंबाच्या भोवताली आडवे पडलेले असतात, तेवढेच उजेड तुमच्या डोळ्यांकडे पाठवतात. बाकीचे गप्प राहतात. म्हणून आपल्याला वर्तुळाचा भास होतो.

अगदी हेच जाळं मोटारीच्या रंगावरही असतं. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर तर हमखास! रंगाच्या वर पारदर्शक थराचं एक पांघरूण असतं. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे तुमच्या वहीच्या कागदाच्या जवळजवळ निम्मी. धुळीत वाळूचे कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ मोहसच्या 1 ते 10 या काठिण्याच्या मापावर 7 व्या जागी बसतं. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली, की हे कण फडक्याबरोबर फिरतात आणि त्या नाजूक पांघरुणावर रेघोट्या मारतात. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात त्या दिसत नाहीत. त्या पकडायला हवा लहानसा, एका जागी एकवटलेला उजेड. चला, तो बनवू या!

साहित्य : 5 मिमीचे पांढरे एलईडी 10, 100 ओहमचे रेझिस्टर 10 (त्यांवर तपकिरी, काळा, तपकिरी असे पट्टे असतात), एक जुनी यूएसबी केबल, घरातली पॉवर बँक, बरणीचं प्लॅस्टिकचं झाकण, वायरिंगचा 20 मिमीचा एक फूट पाइप, एक लिटरची रिकामी बाटली, वाळू, इन्सुलेशन टेप. एलईडी आणि रेझिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सुटे मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ. इतर गावांत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांना विचारा. एका नगाला थोडेच रुपये पडतात.

आता 100 ओहमच का? गणित सोपं आहे. पॉवर बँक देते 5 व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण 3. उरले 2 व्होल्ट. एलईडीतून 20 मिलिअँपिअर, म्हणजे 0.02 अँपिअर प्रवाह जायला हवा. ओहमच्या नियमाप्रमाणे 2 भागिले 0.02 बरोबर 100. झालं! दहा जणांत एकच रेझिस्टर घालून भागवू नका हं. सगळे एलईडी तंतोतंत सारखे नसतात. एखादा हावरट निघतो, जास्त प्रवाह ओढतो आणि लवकर जळतो. म्हणून ज्याचा त्याचा रेझिस्टर वेगळा.

कृती : 1) झाकणाच्या मध्यभागी जवळजवळ दहा भोकं पाडून एलईडी बसवा. 2) एलईडीचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण. प्रत्येक लांब पायाला एक रेझिस्टर डाख देऊन जोडा. 3) रेझिस्टरांची मोकळी टोकं एकत्र करा, आखूड पाय एकत्र करा. 4) केबलचं पॉवर बँकेत जाणारं रुंद, चपटं टोक तसंच ठेवा, दुसरं टोक कापा. आत बहुधा चार तारा दिसतील. लाल धन, काळी ऋण. स्वस्त केबलमध्ये रंग बदललेले असू शकतात, म्हणून मल्टिमीटरनं खात्री करा. उरलेल्या तारांची टोकं वेगवेगळी टेपनं झाका. 5) लाल तार रेझिस्टरांना, काळी आखूड पायांना जोडा. उघडे जोड टेपनं बंद करा. 6) झाकण पाइपाच्या टोकाला घट्ट बांधा. बाटलीत वाळू भरा, पाइप तिच्यात रोवा. दोन्ही हात मोकळे!

दहाही एलईडी मिळून 0.2 अँपिअर, म्हणजे फक्त 1 वॅट घेतात. 10,000 मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक त्यांना सुमारे 30 तास पुरेल. एक-दोनच एलईडी लावलेत तर मात्र काही पॉवर बँका 'कुणी जोडलेलंच नाही' असं समजून आपोआप बंद होतात!

आई-बाबांसाठी : डाख देण्याची कढई नव्हे, पण तिच्याहून तापट अशी सोल्डरिंग आयर्न 300 अंश सेल्सिअसच्या वर तापते. तेव्हा मुलांजवळ बसा, खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर सगळ्यांनी हात साबणानं धुवा. पॉवर बँक उघडायची नाही, पाण्यापासून लांब ठेवायची. एलईडीकडे जवळून टक लावून बघायचं नाही. आणि एक महत्त्वाचं : गाडी धुताना 230 व्होल्टचा बल्ब लांब वायरीला लावून ओल्या फरशीवर ओढत न्यायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. वायर एका जागी सोललेली असली तरी जीव जाऊ शकतो. आपल्या दिव्याचे 5 व्होल्ट असा झटका देत नाहीत. हा दिवा करण्याचं खरं कारण हेच.

दिवा तयार झाला, की गाडीच्या बॉनेटवर तो आपल्या डोळ्यांच्या बाजूला धरा : ओरखड्यांचं जाळं दिसेल. मग बॉनेटला जवळजवळ टेकवून आडवा धरा : धूळ आणि पोचे सावलीसकट उठून दिसतील. आधी भरपूर पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्या, मगच मऊ, स्वच्छ फडकं फिरवा. फडकं जमिनीवर पडलं, तर धुतल्याशिवाय पुन्हा लावू नका.

तुमच्या इमारतीत पहाटे, अंधारात गाड्या पुसणारे काका असतील. असा एक दिवा त्यांच्यासाठीही करा. ताटाची गंमत त्यांना दाखवा, आणि गाड्या पुसायच्या त्यांच्या युक्त्या त्यांच्याकडून शिकून घ्या. त्या कुठल्याही पुस्तकात सापडायच्या नाहीत!