तासाचे किती घ्यायचे?

मराठीच्या शिकवणीचे तासाला किती घ्यावेत, हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला चार जणांनी विचारला. चौघंही जर्मनीत, चौघंही आयटीवाले, आणि चौघांनीही प्रश्नाच्या आधी एकच वाक्य टाकलं: "म्हणजे पैशासाठी नाही रे, पण..." हा जो 'पण' आहे ना, त्याच्याबद्दल आज लिहायचं आहे.

मी म्युनिकमध्ये नोकरी सांभाळून दर शनिवारी दोन तास मराठी शिकवतो. एका विद्यार्थिनीला साताऱ्याच्या सासूशी दुभाष्याशिवाय (म्हणजे नवऱ्याशिवाय!) बोलायचंय. दुसरा चौदा वर्षांचा मुलगा, इथंच जन्मलेला. त्याला ऐकलेलं सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की गाडी जर्मनवर. साठ मिनिटांचे मी ३२ युरो घेतो. हा आकडा ऐकून विद्यार्थी दचकले नाहीत. दचकतात ती आपली माणसं, आणि तीही शिकवणारी!

का दचकतात? कारण डोक्यात लगेच गुणाकार सुरू होतो. युरोचे साधारण शंभर रुपये धरा, म्हणजे तीन हजार दोनशे. एका तासाचे! मी मूळचा सुरगाण्याचा. नाशिक जिल्ह्याचं पार टोक, पलीकडे गुजरात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दिवसाचा दर होता ३१२ रुपये. म्हणजे माझा शनिवारचा एक तास आणि गावाकडची दहा दिवसांची मजुरी सारखीच. हा हिशोब एकदा मनात आला की जीभ अडखळते आणि तोंडातून 'बत्तीस'च्या ऐवजी 'पंधरा चालतील' निघून जातं.

आता गंमत बघा. दर कसा ठरवायचा, हे कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकापेक्षा सुरगाण्याची माणसं चांगलं शिकवतात.

पाऊस सरला की सुरगाणा-पेठ भागातली माणसं टोळ्या करून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. घरी भात, नागली, वरई. पण त्यावर वर्ष निघत नाही. बागेत ऑक्टोबरची छाटणी, मग फेलफूट काढणं, डिपिंग, विरळणी आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा खरड छाटणी. बरंचसं काम उक्तं, एकरी दरानं. टोळीचा मुकादम बागायतदाराशी बोलायला बसतो तेव्हा आकडा सगळ्यात शेवटी येतो. आधी बाग बघायची. माणसं किती लागतील, दिवस किती जातील, राहायची सोय काय, जळण-पाणी कुणाकडे, आणायला-सोडायला गाडी कोण देणार, उचल किती मिळणार. हे सगळं झालं की मग एकरी भाव. आणि हा भाव निफाडचा असतो, सुरगाण्याचा नसतो. "तुमच्या गावात तर रोज स्वस्त आहे" असं बागायतदार म्हणून बघेलही, पण मुकादम ते मनावर घेत नाही. काम जिथं, भाव तिथला. दळण, भाजी, दवाखाना, सगळं तिथल्याच दरानं घ्यायचं असेल तर मजुरी तेवढी गावाकडच्या दरानं का?

आम्ही मात्र म्युनिकचं घरभाडं देऊन फी सुरगाण्याच्या हिशोबानं मागतो. शिकलेली माणसं ना!

बरं, म्युनिकचा हिशोब तरी काय? तासाभराच्या क्लासला तयारीची तीस मिनिटं धरा. शिवाय "सर, 'मला पाहिजे' आणि 'मला हवं' यात फरक काय?" असे आठवडाभर येणारे मेसेज, त्यांची दहा मिनिटं. म्हणजे तासाचा क्लास शंभर मिनिटांचा. पंधरा युरो घेतले तर खऱ्या एका तासाला पडले नऊ. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. थोडक्यात काय, सुपरमार्केटमध्ये खोकी लावणाऱ्याला कायद्यानं जे मिळतं, त्याच्या दोन-तृतीयांशात आपण भाषा शिकवायला निघालो! शंभर मिनिटांचे नुसत्या किमान वेतनानं तेवीस युरो होतात. त्यात सुट्ट्यांचे रिकामे आठवडे, ऐनवेळी रद्द झालेले तास, विमा आणि पेन्शन मिळवा, की तीस-पस्तीसच्या आसपास येऊन थांबता. माझे बत्तीस असे आले.

"पण मला पगार आहे की! नऊ पडले तर पडू देत. माझं काय बिघडतं?"

बरोबर, तुमचं काहीच बिघडत नाही. म्हणूनच तर हा लेख. कुणाचं बिघडतं ते सांगतो.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत अशी एक तरी बाई आहे. महाराष्ट्रात शाळेत शिकवत होती, बी.एड. झालेली, दहा वर्षांचा अनुभव. नवऱ्याला ब्लू कार्ड मिळालं, ती इथं आली. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्हीची मुभा आहे, पण इथल्या शाळेत शिरायचं तर पदवीची मान्यता हवी आणि जर्मन भाषा पार वरच्या पातळीची हवी. त्यात वर्षं जातात. तोपर्यंत तिच्या हातात विकण्यासारखं एकच कौशल्य आहे: मराठी किंवा हिंदी शिकवणं. तिच्यासाठी तो वीकेंडचा विरंगुळा नाही, आठवड्याचा कामधंदा आहे.

आणि तिचे खर्च आपल्याला दिसत नाहीत. नवऱ्याच्या सरकारी आरोग्य विम्यात फुकट राहायचं तर २०२५ मध्ये तिच्या उत्पन्नाची मर्यादा महिन्याला ५३५ युरो होती. त्याच्यावर गेली की स्वतःचा विमा स्वतः भरा. जर्मनीत स्वतंत्रपणे शिकवणाऱ्याला, हाताखाली कुणी नोकर नसेल तर, सरकारी पेन्शनचा हप्ताही सक्तीचा आहे. महिन्याचा नफा २०२५ मध्ये ५५६ युरोच्या वर गेला की हप्ता १८.६ टक्के. नोकरीत यातला अर्धा वाटा कंपनी भरते. इथं पूर्ण तिचाच. तिनं तीस-पस्तीस मागितले तर ती महाग नाही, तिचा तो खर्चच आहे. आणि विद्यार्थी तिला म्हणतो, "अमुक एक इंजिनीअर आहेत, ते तर पंधरात शिकवतात."

द्राक्षबागेत हे सगळ्यांना कळतं. एका टोळीनं शेजारच्या बागेत दर तोडला की तो भाव त्या बागेपुरता राहत नाही, अख्ख्या शिवाराचा होतो. फरक इतकाच की दर तोडणारी टोळी बहुधा अडलेली असते, उचल फेडायची असते. आपण अडलेलो नसतानाही दर तोडतो, आणि वर त्याला साधेपणा म्हणतो.

मग फुकट शिकवणं चूक आहे का? अजिबात नाही. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखालच्या मराठी शाळा स्वयंसेवकांच्याच जिवावर चालतात, आणि त्या चालायलाच हव्यात. पण देवळातल्या भंडाऱ्यामुळे गावातली खानावळ बंद पडत नाही. भंडारा कशासाठी असतो ते सगळ्यांना ठाऊक असतं, रोजच्या जेवणाचा भाव कुणी त्यावरून ठरवत नाही. खानावळ बंद पडते ती शेजारच्या पगारदारानं हौस म्हणून निम्म्या भावात थाळी लावली की. म्हणून माझं मत असं: फुकट शिकवा, किंवा पूर्ण दरानं शिकवा. हौसेची स्वस्त शिकवणी मात्र नको.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "मातृभाषेचे कसले पैसे घ्यायचे?" अहो, भाषेचे कोण घेतंय? भाषा साताऱ्याच्या सासूबाईही फुकट देतात, फोनवर, रोज. पैसे आहेत ते 'ने' कधी लागतो आणि कधी नाही हे समोरच्याला सतराव्यांदा न चिडता समजावून सांगण्याचे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले. त्या अभिजात भाषेच्या मास्तरला मात्र किमान वेतनही मागवत नाही, हे काही पटत नाही बुवा.

दुसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण माझ्यासारख्यांच्या पोटात तो असतो. घरी आम्ही कोकणा बोली बोलत वाढलो, प्रमाण मराठी शाळेत शिकलो. मग वाटतं, आपली मराठी काही पुण्याची नाही, आपण कमीच घ्यावेत. मला विचाराल तर उलट आहे. जो स्वतः प्रमाण मराठी शिकून आला, त्याला विद्यार्थी कुठं अडखळणार ते आधीच ठाऊक असतं. ही सूट कुणी मागितलेली नसताना आपणच देऊन टाकतो. ती बंद करा.

आणि खरोखर कुणाला परवडत नसेल तर? सवलत जरूर द्या. फक्त "माझा दर पंधरा" म्हणू नका. "माझा दर बत्तीस, तुम्ही विद्यार्थी म्हणून तुमच्याकडून पंधरा" असं म्हणा. खिशात तेच पंधरा येतात, पण त्या माणसाच्या तोंडून पुढच्याला जो आकडा कळतो तो बत्तीस असतो. उचलीचा रिवाजही उचला. पाच तासांचे पैसे आधी, आणि चोवीस तासांच्या आत रद्द केलेला तास भरलेला धरायचा. टोळीचा भाव दर हंगामाला नव्यानं ठरतो, तसा तुमचाही वर्षातून एकदा तरी ठरू दे.

जाता जाता एक कायदेशीर सूचना. ब्लू कार्डवर स्वतंत्र जोडधंदा करायचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी लागते, आणि नोकरीच्या करारातलं जोडकामाचं कलमही वाचून घ्या. अमेरिकेत एच-१बी वर असाल तर असे पैसे घेताच येत नाहीत. म्हणजे तिथं प्रश्न सुटला, फुकटच शिकवा!

बाकीच्यांनी पुढच्या वेळी "तासाचे किती?" असं कुणी विचारलं की आधी आपल्या शहरात पूर्णवेळ शिकवणारी ती बाई किती घेते ते विचारून घ्या. तिच्याखाली जाऊ नका. आणि आपल्याला वेळ नसेल तेव्हा विद्यार्थी तिच्याकडे पाठवा, तिच्या दरात.