मत्स्यालयातील कोळसा : त्याचे काम आणि त्याची मर्यादा

घरातील वा पेढीवरील मत्स्यालयाचे नुकसान जितके दुर्लक्षाने होते, तितकेच ते अतिस्वच्छतेनेही होते. दिवाळीपूर्वी झाडलोट निघाली की, त्याच उत्साहात कोपऱ्यातील काचेची टाकीही रिकामी केली जाते. सारे पाणी बदलले जाते, तळाची खडी धुतली जाते, फिल्टरमधील स्पंज नळाखाली पिळून काढला जातो आणि जुना कोळसा फेकून नवा भरला जातो. टाकी आरशासारखी लखलखते. परंतु दोन-चार दिवसांतच मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि त्यांतील काही दगावतात. नवा कोळसा घालूनही असे का घडावे, हा प्रश्न मग घरात विचारला जातो. कोळसा कोणते काम करतो आणि कोणते करीत नाही, हे कळले म्हणजे त्याचे उत्तर मिळते.

फिल्टरमधील कोळसा हा शेगडीतील कोळसा नव्हे. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा यांवर प्रक्रिया करून तो तयार करतात. आधी कच्चा माल हवेच्या अभावी भाजतात आणि मग सुमारे 800 ते 1000 अंश सेल्सिअस तापमानात त्यावर वाफ सोडतात. त्यामुळे त्याच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा आतील पृष्ठभाग 1000 चौरस मीटरच्या आसपास भरू शकतो. म्हणजे चिमूटभर कोळशात जवळजवळ दहा गुंठे जागा! घरोघरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतही हाच कोळसा असतो.

पाणी वस्त्रगाळ करून वापरणाऱ्या कुटुंबांना गाळणे नवीन नाही. मात्र वस्त्र पाण्यात तरंगणारे कण अडवते. पाण्यात विरघळलेले पदार्थ त्यातून पार होतात. विरघळलेल्यांपैकी काही पदार्थ कोळसा आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. लाकडाच्या शोभेच्या ओंडक्यामुळे पाण्याला आलेली पिवळट झाक, कुबट वास, औषधांचे अवशेष, क्लोरीन हे त्याचे खरे गिऱ्हाईक. अमोनिया मात्र त्याच्या आवाक्यात येत नाही, आणि माशांच्या जिवावर उठतो तो अमोनियाच.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजूनही तो निर्माण होतो. त्याचा बंदोबस्त करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीवाणू. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. जीवाणूंचे हे कार्य 1890च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने उलगडून दाखविले. नायट्राइटही माशांना घातकच असते. त्या मानाने नायट्रेट सौम्य असून, दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलल्यास ते आटोक्यात राहते. हे जीवाणू स्पंजमध्ये, खडीवर आणि जुन्या कोळशावर वस्ती करून असतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसण्यास सहसा चार ते सहा आठवडे लागतात. दिवाळीच्या साफसफाईत धुऊन गेली ती ही वस्ती. नवा कोळसा तिची जागा घेऊ शकत नाही.

कोळशाची जागाही अमर्याद नसते. गोदाम भरले की नवा माल ठेवता येत नाही, तसेच त्याचे होते. साधारणपणे तीन ते चार आठवड्यांत तो बव्हंशी भरून जातो. टाकीच्या एका टोकाला पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकाकडून पाहावे. कागद पिवळसर दिसू लागला, तर कोळसा बदलण्याची वेळ झाली असे समजावे. भरलेला कोळसा उकळून वा उन्हात वाळवून पुन्हा कामाचा होत नाही. त्यासाठी कारखान्यातील भट्टीचे तापमान लागते.

नवा कोळसा वापरण्यापूर्वी काळी भुकटी निघून पाणी नितळ येईपर्यंत धुवावा. त्यात अद्याप जीवाणू नसल्याने नळाचे पाणी चालते. मग तो जाळीच्या पिशवीत भरून पाण्याच्या वाटेत स्पंजनंतर ठेवावा, म्हणजे गाळाने त्याची छिद्रे बुजत नाहीत. स्पंज मात्र टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंना मारक ठरते. स्पंज आणि कोळसा या दोहोंना एकाच दिवशी हात लावू नये. मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत. कापूस व कोळसा एकत्र असलेली तयार पेटी वापरात असेल, तर फिल्टरमध्ये एक वेगळा स्पंज कायम ठेवावा, म्हणजे पेटी बदलली तरी वस्ती उजाड होत नाही.

माशांना औषध द्यावयाचे असेल, तेव्हा कोळसा आधी बाहेर काढावा. तो आत राहिल्यास पुष्कळशी औषधे शोषून घेतो. मासा बरा होत नाही आणि मालक मात्रा वाढवीत जातो. उपचार संपल्यावर काही दिवस नवा कोळसा ठेवला, की उरलेले औषध निघून जाते. एरवी कोळसा अनिवार्य नाही. पाणी नियमित बदलले जात असेल, तर त्यावाचूनही टाकी उत्तम चालते.

चूक होऊन मासे धापा टाकू लागलेच, तर क्लोरीन काढलेल्या पाण्याने निम्मे पाणी बदलावे, हवेचा पंप चालू ठेवावा आणि एक-दोन दिवस अन्न बंद ठेवावे. अमोनिया धरून ठेवणारे झिओलाइटचे दाणे गोड्या पाण्याच्या टाकीत तात्पुरते उपयोगी पडतात.

नदीतील माशाला पाणी बिघडले, तर दुसरीकडे पोहून जाता येते. काचेच्या टाकीतील जीव सर्वस्वी घरच्यांच्या भरवशावर असतो. म्हणून टाकीजवळ एक लहान वही ठेवावी आणि पाणी, स्पंज व कोळसा यांना शेवटचा हात कधी लागला, त्या तारखा तीत लिहाव्यात. जमाखर्च रोजच्या रोज मांडणाऱ्या घरांना एवढी नोंद जड जाऊ नये.