दूरचित्रवाणी संच आणि पडद्यावरील अक्षरे

बेळगुंदीसारख्या गावीही आता संच घेताना पहिला प्रश्न ‘फोर-के आहे काय?’ असा होतो. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीवर सुमारे २१ लाख. तथापि मराठी वाहिन्या आपणांपर्यंत येतात त्या फार तर एचडीत. मूळ चित्रातच नाहीत ते बारकावे संच कोठून आणणार? बत्तीस इंची पडदा आठ-दहा फुटांवरून पाहिल्यास हा भेद डोळ्यांस जाणवतही नाही.

ज्याची खरी गरज, ते मात्र दुर्मीळ. ऐकू कमी येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मराठी मालिकेखाली संवाद मराठीतच उमटावयास हवेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तशी तरतूद आहे. २०१९ साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने निकषही जाहीर केले. तरीही आमच्या दिवाणखान्यातील मालिकांखाली ती अक्षरे क्वचितच दिसतात, आणि आवाज वाढवावा तर शेजारी त्रासतात! सीमाभागात कन्नड शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलांसही त्या ओळींनी मराठी वाचनाचा सराव घडेल.

संच विकणाऱ्या सभासद बंधूंनी गिऱ्हाईकास ठिपक्यांचा हिशेब सांगण्यापूर्वी घरात ऐकू कमी येणारे कोणी आहे काय, हे विचारावे. आणि वाहिन्यांकडे या अक्षरांची लेखी मागणी संघानेच करावी, असे आम्हांस वाटते.