रविवारची सायकल : वळिवड्याचा स्तंभ

धाकट्याला युद्धस्मारकं बघायची होती. त्याच्या डोळ्यांपुढे तोफ, रणगाडा, शहिदांची नावं. रविवारी फजरनंतर आम्ही मायलेक सायकली काढून निघालो. दसरा चौकातून सरळ महावीर उद्यान गाठलं. तिथल्या स्तंभापाशी तो थबकला. "अम्मी, तोफ कुठंय? इथं लढलं कोण?"

हा स्तंभ लढणाऱ्यांचा नव्हेच. दुसऱ्या महायुद्धात घरदार गेलेल्या पोलंडच्या माणसांचा आहे. १९४० पासून सोव्हिएत सरकारनं लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडलं होतं. १९४१ ला सुटका झाली, पण परत जायला देश उरला नव्हता. १९४२ मध्ये त्यांतले एक लाखाहून जास्त जण कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचले. टायफसनं, भुकेनं खंगलेले. इराणनं त्यांना थारा दिला. इस्फहानमध्ये तर अनाथ पोरांसाठी शाळा, वसतिगृहं उघडली. पुढं काही कुटुंबं कराचीमार्गे हिंदुस्थानात आली आणि कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला छावणी उभी राहिली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार माणसं तिथं होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, कारण धडधाकट पुरुष फौजेत होते. त्यांची पोलिश तुकडी इटलीत लढत होती, आणि त्याच आघाडीवर आपले मराठा पलटणीचे जवानही होते.

छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. जे इथंच वारले त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. जगले-वाचले ते पुढं पांगले, तरी म्हातारपणी कोल्हापूर बघायला येत राहिले. उद्यानातला स्तंभ त्यांनीच १९९८ मध्ये उभारला.

तिथून कावळा नाका, तावडे हॉटेल. हायवे ओलांडताना जीव मुठीत. पोरांना घेऊन जाणार असाल तर उजाडताच निघा, नंतर ट्रक सुरू होतात. पुढं लागतं गांधीनगर. ईदचं कापड घ्यायला आपण सगळेच इथं येतो, पण पायाखालची जमीन त्या छावणीची, हे मलाही उशिरा कळलं. पोलिश लोक गेले आणि फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं इथं राहायला आली. छावणीचंच पुढं गांधीनगर झालं.

वळिवड्यात २०१९ ला उभारलेला दुसरा स्तंभ आहे. धाकटा सायकल टेकवून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पोलंडवाल्यांचे दोन झाले. सिंधवाल्यांचा कुठंय?"

मला काही सुचेना. आमच्या दादीचा सख्खा भाऊ फाळणीत कराचीला गेला. तिच्या पेटीत त्याचा एक फोटो होता, तेवढाच. पोलिश कराचीवरून आले, सिंधी कराचीकडून आले आणि दादीचा भाऊ कराचीला गेला.

ज्या दुकानातून मी वीस वर्षं कापड घेते, तिथल्या शेठजींना त्यांचे अब्बा कुठल्या गावचे, हे कधी विचारलं नाही. भाव मात्र दर वेळी घासाघीस करून कमी करून घेतला. परतताना त्यांचं शटर नुकतंच वर जात होतं. धाकट्यानं सायकल थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.