चीक वासराला, मग लेकराला का नाही?



मागील दोन अंकांत आपण बाजरीची विरळणी आणि खरीप कांद्याची रोपवाटिका पाहिली. आज बांधावरून जरा घरात येऊ. १ ते ७ ऑगस्ट हा आठवडा १९९२ सालापासून जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. शेतीखात्याच्या माणसाने या विषयात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण गोठ्यात उभे राहून जे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, त्यातले बरेचसे इथे लागू पडते. शिवाय ऑगस्ट म्हणजे खुरपणीचा आणि लागणीचा महिना. ओल्या बाळंतिणीला शेतावर बोलावणे येते ते याच दिवसांत.

गाय रात्री दोन वाजता व्याली तरी मालक कंदील किंवा बॅटरी घेऊन उठतो. वासराला उभे करतो, सड तोंडात देतो, तासा-दोन तासांत चीक पोटात गेला की मगच पाठ टेकतो. पहिल्या चोवीस तासांत वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक गेला पाहिजे, हे आता शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आणि त्याच घरात सून बाळंत झाली की तिचा चीक पिळून टाकतात! का, तर तो घट्ट असतो, पिवळा असतो, बाळाला बाधतो. मग तीन दिवस मधाचे बोट, साखरेचे पाणी, कुठे शेळीचे दूध.

यात लोकांची फसगत कशी होते तेही सांगतो. वासराला आईच्या पोटात असताना रोगाशी झुंजण्याची शक्ती मिळत नाही, ती सारी चिकातूनच यावी लागते. म्हणून चीक चुकलेले वासरू हगवणीने लवकर दगावते आणि मालकाला धडा मिळतो. माणसाच्या बाळाला यातला काही भाग वारेतून आधीच मिळालेला असतो. त्यामुळे चीक टाकून दिला तरी बाळ बहुधा तगते आणि घरच्यांना वाटते, काही बिघडले नाही. पण आतड्याला आतून जंतूंपासून जपणारे द्रव्य चिकातूनच येते. पहिल्या दिवशी बाळाचे पोट एका वेळी चमचाभर, फार तर दीड चमचा दूध घेते, आणि आईला येतेही तेवढेच. ‘दूधच उतरले नाही’ असे म्हणतात ते हेच. बाळंतपण झाल्यापासून तासाभरात बाळ छातीशी घ्यावे. सिझर झाले असेल तर आई शुद्धीवर येताच घ्यावे. मध तर वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे, क्वचित का होईना, तान्ह्याच्या जिवावर बेतते.

आता एका आईची हकीकत. माण तालुक्यातील एका गावी कांद्याची शेतीशाळा चालू होती. वर्ग संपल्यावर बचत गटाच्या बाया लिंबाखाली बसल्या होत्या. त्यातली एक, मांडीवर पाच महिन्यांचा मुलगा, शेजारच्या पोटुशी पोरीला समजावत होती. नाव छापायचे नाही या अटीवर तिने मला लिहायची परवानगी दिली.

“साहेब, थोरलीच्या येळेला मला कुणी इचारलंच न्हाई. दीड महिन्यात कांद्याच्या लागणीला उभी ऱ्हायले. पोर घरी आत्याबाईंजवळ, अन् दुधाच्या पावडरीचा डबा आणला. अंगावरचं दूध रानात चोळीत जिरायचं, अन् पोर घरी बाटली चोखायची.”

मी विचारले, डबा किती दिवस पुरायचा? म्हणाली, “बारा दिस. पुरवून पुरवून वापरायचो.”

बंधूंनो, हा हिशेब आपण मांडून बघू. तीन महिन्यांच्या बाळाला नीट प्रमाणात पावडर द्यायची तर दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर लागते. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसही जात नाही. तो बारा दिवस पुरला याचा अर्थ बाळाच्या पोटात दुधाचा तिसरा हिस्सा आणि बाकी पाणी गेले. तेही आडाचे, आणि नुसत्या विसळलेल्या बाटलीतून. फवारणीचे औषध कोणी असे तिप्पट पाणी घालून मारले तर कीड मरत नाही म्हणून तो आमच्याकडे तक्रार घेऊन येतो. लेकराला तक्रार करता येत नाही. ते वाळत जाते. या मुलीला चौथ्या महिन्यात जुलाब लागले, डोळे खोल गेले, आठ दिवस सलाईनवर होती. वाचली. लागणीची सगळी मजुरी त्या आठ दिवसांत गेली, डब्यांचे पैसे वेगळेच.

दुसऱ्या खेपेला सातवा महिना लागला तेव्हाच तिने नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगितले, “हे लेकरू मी अंगावर पाजणार. सहा महिने दुसरं काय न्हाई. कामाचं कसं करायचं ते आताच ठरवा.” मला यात सगळ्यात मोलाचे वाटले ते ‘आताच ठरवा’. पेरणीचे नियोजन आपण पाऊस पडल्यावर करीत नाही, आधी करतो. बाई बाळंत झाल्यावर, मजूर मिळेना अशा वेळी चर्चा काढली तर उत्तर एकच निघते : डबा आणा.

त्या घरात काय ठरले? एकराऐवजी वीस गुंठेच कांदा लावला. लागणीला दोन घरांशी सावड केली आणि तिच्या वाटणीचे दिवस नवऱ्याने फेडले. पहिले तीन महिने ती रानात गेलीच नाही. चौथ्यापासून अर्धा दिवस जाऊ लागली, तर आत्याबाई बाळाला घेऊन बांधावर येत. रान लांबचे असेल तेव्हा ती निघण्यापूर्वी दूध काढून ठेवी. मधे एकदा बाळ रात्रभर रडले, तेव्हा आत्याबाईंनी शेळीचे दूध काढून आणले होते. आशाताईने बाळाचे वजन केले, महिन्यात पाऊण किलो वाढलेले. शेळीचे दूध चहाला गेले.

‘दूध पुरत नाही’ ही शंका प्रत्येक घरात येते. तिची परीक्षा रडण्यावर करू नये. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा वेळा तरी लघवी करते ना, आणि वजन वाढते ना, एवढे पाहावे. सुरुवातीच्या दिवसांत वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांत भरून निघते. आणि दूध वाढवायचे कसे? गाय आटवायची असते तेव्हा आपण काय करतो? धारा कमी करतो. याच्या उलट केले की दूध वाढते. बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे, रात्रीची वेळ चुकवू नये. एक बाजू पुरती रिकामी झाल्यावर दुसरी द्यावी. शेवटच्या धारेला फॅट जास्त लागते हे डेअरीत दूध घालणाऱ्याला ठाऊक आहे, आईच्या दुधाचेही तसेच आहे. अर्धवट पाजून बाजू बदलली तर बाळ पाण्यासारखे पुढचेच दूध पिते आणि लगेच भुकेजते.

गाय बुजली, कोणी आरडाओरडा केला की पान्हा चोरते. बाई माणूसच आहे, तिला घालूनपाडून बोलत राहिले तर तिचाही पान्हा अडतो. यावर सासवांनी आणि नवऱ्यांनीही विचार करावा.

पाजताना बाळाच्या तोंडात नुसते बोंड नव्हे, भोवतीचा काळा भागही जास्तीत जास्त गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकली पाहिजे. बोंडाला चिरा पडतात त्या बहुतेक यात चूक झाल्याने. चिरांवर आपलेच थोडे दूध लावून वाळू द्यावे. छाती दगडासारखी झाली तर कोमट फडक्याने शेकून हाताने दूध काढावे. ताप आला, एखादी जागा लाल होऊन ठणकू लागली तर दवाखाना गाठावा, पण पाजणे थांबवू नये.

काढलेले दूध उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून सावलीच्या थंड जागी ठेवावे. ते चार तासांच्या आत संपवावे, उन्हाळ्यात त्याहून लवकर. ते उकळू नये. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करावे आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. बाटली नको. सहा महिने पाणीसुद्धा नको, चैत्र-वैशाखातही नको, कारण आईच्या दुधात शंभरात ८७ भाग पाणीच असते. गुटीही नको. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तेवढे द्यावे.

बाळंतिणीचे पाणी तोडणे, तिला चार दिवस नुसत्या पातळ भातावर ठेवणे हा प्रकार अजून दिसतो. दुभत्या जनावराला आपण खुराक वाढवतो, इथे मात्र कमी करतो! तिला नेहमीपेक्षा भाकरी, डाळ, पालेभाजी जास्त द्या, तहान लागेल तितके पाणी द्या. अळीव, डिंक जरूर द्या, पण जेवण कमी करून नव्हे. मिश्री मात्र बंद. तंबाखूचा अंश दुधातून बाळाला जातो. आणि हे माझ्या खात्याचे : अंगावर पाजणाऱ्या बाईने औषध कालवू नये, फवारणी करू नये, नुकत्याच फवारलेल्या रानात जाऊ नये. रानातून आल्यावर हात व छाती धुऊन, लुगडे बदलूनच लेकरू घ्यावे.

काही आयांना आजारामुळे किंवा औषधांमुळे पाजता येत नाही. त्यांना बोल लावू नये. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे. अशक्त, कमी दिवसांच्या बाळांसाठी आता मातृदुग्धपेढ्या आहेत. आशियातली पहिली पेढी १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पण निरोगी आईला कोणी डबा सुचवला तर १९९२ चा कायदा आठवावा. बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करण्यास त्याने बंदी आहे. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापता येत नाही, आणि आईचे दूध सर्वोत्तम हे वाक्य छापावेच लागते.

सहा महिने पूर्ण झाले की नाचणीची खीर, मऊ वरणभात सुरू करावा आणि अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा पुढेही चालू ठेवावे.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचे असते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि ती आली नाही तर निरोप पाठवा. बाळ पाजले तरी ओढत नाही, मलूल पडले, अंग तापले किंवा गार पडले, तर तिची वाट न पाहता १०२ वर फोन करून गाडी बोलवा.